काळी म्हणजे न्यूट्रल नव्हे

चौतीस वर्षं मी नाशिकच्या अंबडला पॅनेल वायरिंग केलं. लाल, पिवळी, निळी या तीन फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. हा क्रम इतका अंगात मुरलाय की थोरल्या मुलीच्या लग्नात मांडववाल्याने पिवळ्या, लाल, निळ्या अशा पताका लावल्या तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो, फेज सिक्वेन्स उलटा झाला, मोटर उलटी फिरणार. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, आज तरी राहू द्या."

निवृत्तीनंतर जेलरोडच्या घराच्या वरच्या खोलीत मी छोट्या आगगाडीचा संसार मांडला. एचओ स्केल, म्हणजे खऱ्याच्या १/८७. रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. आता आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर ८७ने भागले तर येतात सव्वाएकोणीसच्या आसपास. म्हणजे या रुळांवर धावणारं कुठलंही 'भारतीय' इंजिन आधीच पाय जवळ घेऊन उभं असतं. जाणकार त्यावर नाक मुरडतात. मी मुरडत नाही. माझं इंजिन मुळात भारतीय नाहीच. ते जर्मन मालगाडीचं विजेचं इंजिन, दोन्ही टोकांना केबिन असलेलं, तीसेक वर्षांपूर्वीचं, जुन्या सामानात मिळालेलं. त्याला मी बाबांच्या इंजिनासारखा रंग दिला, इतकंच.

बाबा इगतपुरीला असिस्टंट ड्रायव्हर होते, बँकरवर. कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंतचा थळ घाट १८६५मध्ये सुरू झाला आणि त्याचा चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना गाडी १ मीटर वर चढते. बैलगाडीला हे काहीच नाही, पण लोखंडाच्या रुळावर लोखंडाचं चाक घासत जाणाऱ्या आगगाडीला फार होतं. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या शेपटीला दोन-तीन इंजिनं लावतात, ती इगतपुरीपर्यंत ढकलत आणतात आणि सुटी होतात. तीच बँकर इंजिनं. बाबांच्या उमेदवारीच्या काळात जुनी डब्ल्यूसीजी-१ अजून दिसत. त्यांना सगळे 'खेकडा' म्हणायचे. डुलत चालायची आणि उभी असली की विचित्र कण्हायची. नंतर बाबा डब्ल्यूसीजी-२वर गेले. ती चित्तरंजनची, १५०० व्होल्ट डीसीवर चालणारी.

तर हे इंजिन डिजिटल करायचं, म्हणजे रुळातूनच हुकूम धाडून चालवायचं, आणि त्याला आवाज बसवायचा असं मी ठरवलं.

आवाज म्हटलं की घरातले सगळे कान टवकारतात. नात म्हणते, "आजोबा, हॉर्न वाजेल?" शेजारचे काका नाशिकरोडच्या ट्रॅक्शन मशीन वर्कशॉपमधून निवृत्त झाले, आयुष्यभर खऱ्या ट्रॅक्शन मोटरी उघडल्या त्यांनी. तेही पहिला प्रश्न विचारतात, "ब्लोअरचा आवाज येतो का?" ब्लोअर म्हणजे मोटरी गार ठेवणारा पंखा. पण खरं सांगायचं तर साउंड डिकोडरमध्ये, म्हणजे रुळातले हुकूम वाचून इंजिन, दिवे आणि आवाज चालवणाऱ्या पाटीत, आवाजाचं काम सर्वांत सोपं असतं. आवाज चिपमध्ये भरूनच येतो. स्पीकरच्या दोन तपकिरी तारा जोडायच्या, की झालं. एकच पथ्य. स्पीकर उघडा ठेवायचा नाही. पडद्याच्या पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतात आणि पत्र्याच्या डब्यात माशी अडकल्यासारखं वाजतं. मागे छोटी बंद डबी लागते, फटी फेविकॉलने बुजवायच्या. साखरेच्या खड्याएवढा स्पीकर मग अशी घूं काढतो की वाटतं, इतका मोठा आवाज मावला कुठे.

जीव खातात ते दिवे.

डिकोडर म्हणजे बोटाच्या पेरावर मावेल एवढी पाटी, आणि तिच्यातून निघालेल्या रंगीत तारांचा झुबका. आठ पिनांचा सॉकेट असतो, त्याचे रंग जगभर ठरलेले. लाल उजव्या रुळाची, काळी डाव्या रुळाची. नारिंगी आणि करडी मोटरच्या. पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या दिव्याची, हिरवी जादा कामाची. आणि निळी म्हणजे सगळ्या दिव्यांचा सामाईक प्लस.

निळी प्लस! माझ्या दुनियेत निळी ही तिसरी फेज, आणि डीसी असेल तर प्लस लाल, मायनस काळी. इथे लाल-काळीला प्लस-मायनस असं काही नाहीच. डिजिटल रुळावर वीज सेकंदाला हजारो वेळा पालटत असते आणि त्या पालटण्याच्या लांबीतच हुकूम लपलेला असतो. छोटी पालट, ५८ मायक्रोसेकंदांची, म्हणजे 'एक'. लांब पालट, १०० किंवा जास्त, म्हणजे 'शून्य'. डिकोडर हे वाचतो, आणि त्याच विजेचा आत डीसी करून मोटरला, दिव्यांना वाटतो. तो आतला प्लस निळीवर बाहेर येतो. पांढरी, पिवळी, हिरवी या तारा मायनसकडे जाणारे स्विच. बटण दाबलं की दरवाजा उघडतो, दिवा लागतो.

हे मी वाचलं, वहीत काढलं, समजलं. हाताला समजलं नाही.

जुन्या डीसी इंजिनात कारखान्याने तारा वाचवलेल्या असतात. उजव्या चाकांची वीज थेट धातूच्या चॅसीत, म्हणजे इंजिनाच्या सांगाड्यात, आणि चॅसीतून मोटरच्या एका ब्रशला. दिव्याची एक बाजूही चॅसीवरच टेकलेली. डिकोडर बसवायचा तर आधी मोटर चॅसीपासून सुटी करावी लागते. ते मी चोख केलं. ब्रशखाली कॅप्टॉनची इन्सुलेशन टेप, मल्टिमीटर बझरवर, चाक आणि ब्रश यांच्यात एकही 'टीं' नाही. पॅनेलवाल्याला कंटिन्यूइटी तपासायला कुणी शिकवावं लागत नाही. मग दिव्याकडे वळलो. बल्बला दोन टोकं. एक टोक वरच्या पत्रीवर, तिथे पांढरी. दुसरं टोक खालच्या क्लिपवर, तिथे निळी. दोन टर्मिनल, दोन तारा, डाग देऊन श्रिंक स्लीव्हसुद्धा चढवली. देखणं काम.

ती खालची क्लिप चॅसीवर बसलेली होती. चॅसी म्हणजे उजवा रूळ. म्हणजे मी डिकोडरचा प्लस सरळ रुळाला नेऊन बांधला होता. मोटर तपासली आणि बल्ब सोडला, कारण बल्ब काय, बल्बच तर आहे.

रुळावर ठेवलं. 'टक्' असा एक आवाज आला. मग वास. जळलेल्या रेझिनचा तो वास अंबडमध्ये शंभरदा घेतलाय, पण तेव्हा तो कंपनीच्या खर्चाचा असायचा. हा साडेदहा हजारांचा होता आणि बायको दारात उभी होती. तिने विचारलं, "हाच का तो आवाज?"

दुसरा डिकोडर घ्यायला मला सात महिने लागले. पैशांपेक्षा धीर गोळा करायला लागले.

या वेळी आधीचे बल्ब काढूनच टाकले. त्यांची धग इतकी की वरच्या प्लास्टिकला आतून फोड आले होते. एलईडी घ्यायला एम. जी. रोडला गेलो. दुकानातल्या पोराला म्हटलं, शून्य-सहा-शून्य-तीन मापाचे वॉर्म व्हाइट हवेत. तो म्हणाला, "काका, आख्खी पट्टी घ्या ना, देवघराला लावा." शेवटी एका मोबाइल दुरुस्तीवाल्याने ओळखीचा पत्ता दिला. शून्य-सहा-शून्य-तीन म्हणजे १.६ मिलिमीटर लांब, ०.८ रुंद. तिळापेक्षा लहान. दोन्ही टोकांना केसाएवढी इनॅमल वायर डागायची. पंखा बंद, कारण वाऱ्याने एलईडी उडतो आणि आयर्नचं टोकही गार पडतं. मे महिन्यात ही खोली आणि पंचवीस वॉटचं आयर्न. घाम नाकावरून थेट कामावर पडतो. मी एलईडी उलटा करून दुहेरी टेपवर चिकटवायचो, श्वास धरायचो, डाग द्यायचो, श्वास सोडायचो. सगळं काम स्टीलच्या ताटात, म्हणजे काही पडलं तर ताटातच राहतं. वीसपैकी सहा एलईडी तरीही कुठे गेले ते त्या ताटालाच माहीत.

आता गंमत बघा. तपासणीसाठी टेबलावर सगळं पसरलं. पांढरी तार एलईडीच्या एका पायाला. दुसऱ्या पायाला कॉमन द्यायचा. आणि हाताने, माझ्याशी काही न बोलता, काळी उचलली.

दिवा लागला. मंद, पण लागला.

झालं असं की काळी रुळाची, आणि रूळ अर्धा वेळ प्लस असतोच. म्हणजे दिव्याला अर्धाच वेळ वीज मिळत होती, आणि ती इतक्या भरभर की डोळ्याला लुकलुक कळू नये. जळलं असतं तर त्याच क्षणी कळलं असतं. हे नुसतं आजारी माणसासारखं चालत होतं. मी एलईडी बदलला. मग रेझिस्टर, म्हणजे वीज आवरून धरणारा तुकडा, कमी केला. मग आणखी एक एलईडी बदलला. तिसऱ्या दिवशी शेजारचे काका आले, चष्मा कपाळावर ढकलून वाकून बघितलं आणि म्हणाले, "तुमचा न्यूट्रल कुठला?" मी म्हणालो, "हा काय, काळा." आणि म्हणता म्हणताच माझं मला कळलं. काका हसले नाहीत. काही माणसांचे उपकार असे लक्षात राहतात.

निळीवर नेल्यावर मात्र उलटी तऱ्हा. एक किलो-ओहमचा रेझिस्टर लावला होता, कारण सगळे तोच लावतात. निळीवर साधारण १४ व्होल्ट, पांढरा एलईडी ३ खातो, उरले ११. एक किलो-ओहममधून ११ मिलिअँपिअर. आताच्या एलईडीला हे फारच झालं. इंजिनाचा दिवा नव्हे, चोर पकडायची बॅटरी. त्यातून केबिनच्या भिंतीतूनसुद्धा उजेड पाझरायला लागला, सगळं प्लास्टिक आकाशकंदिलासारखं पेटलं. आतून काळा रंग दिला. मग ४.७ किलोचा रेझिस्टर, तोही भगभगीत. मग १० किलो. एक मिलिअँपिअरच्या जरा वर, आणि तिथे तो दिसला.

कसा दिसला ते सांगायला हवं. इगतपुरीचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला मी काय म्हणतो ते कळेल. आषाढात स्टेशन ढगातच बुडालेलं असतं. रेल्वे क्वार्टरच्या ओट्यावरून पलीकडचा रूळही दिसायचा नाही. अशा वेळी गाडीचा हेडलाइट येतो तेव्हा त्याला काठ नसतात. दुधात हळद पडल्यासारखा आधी नुसता एक पिवळा डाग, मग तो घट्ट होत जातो. उघड्या माळावर आधी दिवा दिसतो आणि मागून आवाज येतो असं म्हणतात. घाटात तसं नाही. घाटात वळणं आणि बोगदे. आधी आवाज येतो, तोही कुठल्या बाजूने ते कळत नाही, आणि दिवा अचानक कडेला उगवतो. दहा किलोच्या रेझिस्टरवर माझ्या टेबलावर तो हळदीचा डाग उगवला. डिकोडरच्या सेटिंगमध्ये आणखी एक सोय असते. जुन्या बल्बसारखा दिवा हळूहळू चढतो, हळूहळू विझतो. ती चालू केली. अर्धा तास मी दुसरं काही न करता एकच बटण दाबत बसलो.

मध्येच एक आठवलं म्हणून सांगतो. बाबांची १५०० व्होल्टची डीसीही गेली. इगतपुरीला मुंबईकडची डीसी आणि नाशिककडची २५ हजार व्होल्टची एसी यांची हद्द होती, गाड्यांची इंजिनं तिथे बदलायची, म्हणून तर गावाला इतका वेळ गाडी थांबायची आणि वडे खपायचे. मग एसी खाली घाटात उतरत गेली आणि २०१५ साली मुख्य मार्गावरची डीसी पार मुंबईपर्यंत संपली. मी माझ्या बारा व्होल्टच्या रुळावर तेच केलं म्हणायचं. वडे तेवढे गेले नाहीत, ते बायको करते.

तर दिवे. पांढऱ्या तारेवर पुढचे पांढरे दिवे आणि त्याच तारेवर मागच्या टोकाचे लाल, असं मी ठरवलं. इंजिन पुढे निघालं की पुढे पांढरे, मागे लाल. दिशा बदलली की पिवळी तार उलटं करणार. युरोपातली पद्धत अशीच. जागा कमी म्हणून पांढऱ्या आणि लाल एलईडींना मिळून एकच रेझिस्टर दिला. लाल लागले, पांढरे मेले. घाम फुटला, पुन्हा वास घेऊन पाहिला. वास नव्हता. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट पुरतात, पांढऱ्याला ३ लागतात. एकाच रेझिस्टरखाली समांतर जोडले की लाल दोनवरच सगळी वीज ओढून घेतो, पांढऱ्यापर्यंत तीन कधी पोचतच नाहीत. पंगतीत पुढे बसलेल्याने वाढप्याला हलूच दिलं नाही तर मागच्या पानात काय पडणार. प्रत्येक रंगाला वेगळा रेझिस्टर दिला आणि दोघेही जेवले.

बॉडी बसवली. चार स्क्रू. त्यातला एक नातीने शोधून दिला, ताटाखालून.

त्या संध्याकाळी खाली आरोळी दिली आणि सगळ्यांना वर बोलावलं. आईलाही हाताला धरून आणलं. ती चौऱ्याऐंशीची आहे. चार-पाच वर्षांपासून तिला जवळजवळ ऐकू येत नाही. यंत्र आणलं होतं, ते तिने स्टीलच्या डब्यात हळकुंडांबरोबर ठेवलंय. खोलीतला दिवा घालवला. मी डबे जोडले आणि इंजिन बाबांच्या जागी, शेपटीला लावलं. गाडी चढावर न्यायची, बँकर ढकलतोय असं दाखवायचं.

ब्लोअर घुमायला लागला. नात टाळ्या पिटायला लागली. हॉर्न दिला तर काकांनीसुद्धा मान हलवली, जरी तो हॉर्न जर्मन होता. सगळे आवाजाकडे कान देऊन उभे, आणि आई गुडघ्यावर हात ठेवून वाकून रुळाकडे बघत होती. तिच्यासाठी त्या खोलीत आवाज नव्हताच. दोन लाल ठिपके होते आणि ते मागच्या वळणावरून सरकत होते.

क्वार्टरच्या स्वयंपाकघराची खिडकी रुळाकडे होती. बाबांची रात्रपाळी असली की आई कंदिलाची वात बारीक करून त्या खिडकीशी बसायची. गाडी यायची, डब्यांच्या उजळ खिडक्या भरभर जायच्या, आणि सगळ्यांत शेवटी बँकर. त्याच्या मागच्या बाजूचे लाल दिवे पुढे सरकले की आई उठायची आणि तवा ठेवायची. बाबा सही करून घरी पोचेपर्यंत भाकरी टम्म फुगलेली असायची. आम्हा भावंडांना वाटायचं, आईला वेळ कळते. तिला घड्याळ वाचता येत नव्हतं हे मला फार उशिरा कळलं.

गाडीने एक फेरी पुरी केली. आईने माझ्या दंडाला हात लावला.

"पुढचा कशाला लावलास?"

मला कळेना. मी हाताने खूण केली, कुठला?

"हा पांढरा. बँकर आहे ना तुझा? पुढं डबा लागलाय. डब्याच्या ढुंगणावर उजेड पाडून काय बघायचंय त्याला? मागचे लाल तेवढे ठेव."

काका आता मात्र हसले. मोठ्याने हसले. "मावशींनी इन्स्पेक्शन केलं," म्हणाले. आणि बरोबरच होतं. युरोपातली पद्धत सुट्या धावणाऱ्या इंजिनाला ठीक. गाडीच्या तोंडाशी लावलं तर मागचे लाल डब्यावर पडणार, तेही चूक. शेपटीला लावलं तर पुढचा पांढरा चूक. म्हणजे लाल आणि पांढरे एका तारेवर बांधणंच चूक. लाल वेगळे हवेत, आपल्या बटणावर, पाहिजे तेव्हा लावता येतील असे. हिरवी तार मी गुंडाळून टेप मारून छतात कोंबून ठेवली होती, जादा म्हणून.

"उद्या करतो," मी आईला मोठ्याने, ओठ दिसतील असं म्हणालो.

"आत्ता नाही होत?" ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली.

मी पंखा बंद केला, स्टीलचं ताट पुढे घेतलं आणि पहिला स्क्रू काढला.